निळ्यातली फिकट रेघ

माझी नणंद जिवंत आहे, धडधाकट आहे आणि हे वाचून माझ्यावर चिडणार आहे. चिडू दे. आपल्याबद्दल कोणी लिहावं असं आपण काही केलेलं नाही, असं तिचं म्हणणं. ते ऐकत बसायला आता मला वेळ नाही, आणि माझं वयही राहिलेलं नाही.

सगळे तिला निळी म्हणतात. उजव्या हाताची बोटं निळी असायची म्हणून. शाईची निळी नव्हेत. ती ज्या प्रयोगशाळेत कामाला होती तिथे एक गडद निळा रंग वापरतात. तो प्रथिनांना चिकटतो आणि सोडत नाही. माणसाची कातडी हेही प्रथिनच. हातमोजा जरा कुठे फाटला की रंग बोटाला लागलाच, मग साबण लावा, दगडाने घासा, तो आपल्या मर्जीने जाणार. लग्नाच्या फोटोत निळीने उजवा हात नवऱ्याच्या पाठीमागे नेलेला आहे. बघणाऱ्याला वाटतं, काय धीट मुलगी, पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या कमरेला विळखा! धीट कसली, बोटं लपवत होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तोंडावर मी त्यांना जावईबापू म्हणायचे आणि पाठीमागे लिफ्टवाले. ते मला वहिनीसाहेब म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते निळीने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उंच, हाडापेराने मोठा माणूस. आवाज असा की लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून बोलले तर गच्चीवर ऐकू जावं. गावभरची माणसं वरखाली न्यायचं काम त्यांच्याकडे, आणि स्वतः राहायचे लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

"जावईबापू, आपल्या घरासाठी एक लिफ्ट बसवा की," धापा टाकत वर पोचले की मी दर वेळी म्हणायचे.

"बसवतो ना. तळमजल्यावाले म्हणतात आम्हाला उपयोग काय, पहिल्या मजल्यावाले म्हणतात आम्हाला व्यायाम होतो. आणि जिन्याच्या मधली जागा मी मोजलीय, वहिनीसाहेब. एक बारीक माणूस आणि त्याची छत्री मावेल. तुम्ही काही मावणार नाही."

निळी आतून ओरडायची, "अहो, पाणी तरी द्या आधी, मग मापं काढा!"

घर दोन खोल्यांचं. पण त्याला एक लांबट गॅलरी होती, आणि तिथे उभं राहिलं की आसपासच्या उंच इमारतींच्या गच्च्या दिसायच्या. प्रत्येक गच्चीवर लिफ्टच्या मशीनची एक बुटकी खोली. लिफ्टवाले चहाचा कप हातात धरून बोट दाखवायचे. ती माझी, ती माझी, ती पलीकडची हिरव्या दाराची मात्र दुसऱ्याची, म्हणूनच सारखी बंद पडते. स्वयंपाकघराची खिडकी लाकूड फुगून अडकायची. तिला खालच्या कोपऱ्यात मुठीने एक ठोसा द्यावा लागे. गॅलरीच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची. असल्या खोडी बाहेरच्याला सांगून कळत नाहीत. घर म्हणजे बरंचसं हेच असतं असं माझं मत आहे.

आता निळीच्या कामाबद्दल सांगते. समजायला अवघड नाही, फक्त कंटाळू नका.

हाताला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब आपल्याला माहीत असतो. फुप्फुसांतला रक्तदाब वेगळा. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांत ढकलते, आणि तिथल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या एरवी अशा मऊ आणि ऐसपैस असतात की ढकलायला जोर लागत नाही. काहींच्या बाबतीत या वाहिन्यांच्या भिंती आतून जाड आणि ताठ होत जातात. मग हृदय ढकलतं, ढकलतं आणि एक दिवस थकतं. निळीच्या प्रयोगशाळेत या जाड होण्याचा अभ्यास चालायचा.

आणि यात काही एन्झाइमांचा हात असतो, ज्यांना आम्ही शाळेत विकर म्हणायचो. आपल्या अंगातल्या प्रत्येक भिंतीला धाग्यांचं अस्तर असतं. हे एन्झाइम ते धागे कापतात. कापणं वाईट नव्हे. जखम भरते, हाड जुळतं, ते आधी जुनं कापून काढलं म्हणूनच. घराचा गिलावा करताना आधी जुना खरवडावा लागतो, तसं. पण खरवडणारे थांबलेच नाहीत तर? ते खरवडतात, मागून दुसरे लिंपतात, ते पुन्हा खरवडतात, पुन्हा लिंपलं जातं, दर वेळी थर जाड आणि कडक. शेवटी बोळ इतका अरुंद होतो की माणूस आडवा होऊनही जात नाही. रोगाला इतरही कारणं आहेत, हे एन्झाइम म्हणजे सगळी गोष्ट नव्हे. पण निळीकडे या खरवडणाऱ्यांचा शोध घेण्याचं काम होतं.

ते ती कसं करायची, हे मी एकदा तिच्याकडे जाऊन पाहिलं. जिलेटिन मिसळलेला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा. त्याला ते लोक जेल म्हणतात. त्याच्या वरच्या कडेला खाचा, एकेका खाचेत एकेका माणसाच्या रक्तातलं पिवळट पाणी. वीज लावली की ते आपापल्या रांगेतून खाली उतरतं. मग तो पापुद्रा क्षारांच्या पाण्यात घालून उबदार पेटीत ठेवायचा आणि घरी जायचं. त्या पाण्यात कॅल्शियम पाहिजे, नाहीतर एन्झाइमांची कात्री चालत नाही. दुसऱ्या दिवशी निळा रंग द्यायचा. जिलेटिन आहे तिथे सगळं निळं. एन्झाइमने जिथलं जिलेटिन खाऊन टाकलं तिथे रंगाला धरायला काही उरत नाही, तिथे फिकट रेघ. खाणारा दिसतच नाही. त्याने रिकामी केलेली जागा दिसते.

कडेच्या रांगेत निळी नेहमी एका निरोगी माणसाचा नमुना घालायची. त्याला ते कंट्रोल म्हणतात. त्यात कुठे किती ठळक रेघ येणार ते आधीच ठाऊक असतं. निरोगी माणसाच्या रक्तातही हे एन्झाइम थोडे असतातच. ती रेघ जागेवर आली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. नवीन मुली शिकायला आल्या की निळी त्यांच्या डोक्याशी उभी राहायची. "आधी कंट्रोल बघ. मग तुझं काय ते बघ. तुला काय बघायची घाई आहे ते मला माहितीय, म्हणूनच सांगतेय." मुली तिला टरकून असत.

आता ज्या रोगाचं रक्त निळी रोज हाताळायची तोच तिच्या नवऱ्याला व्हावा, याला काय म्हणायचं? मी काही म्हणत नाही. झाला.

लिफ्टवाल्यांना मशीनच्या खोलीपर्यंतची शेवटची शिडी जड जायला लागली. मग आपल्या घराचा जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचे आणि खिसे चाचपायचे. कोणी वरून आलं की म्हणायचे, "किल्ली कुठे ठेवली कोण जाणे." किल्ली हातात असायची. निळीने पावलांवरची सूज पाहिली, मग एकदा भर दुपारी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. जन्मभर निळ्या रंगात हात घातलेली बाई, तिला ओठांवरचा निळा कोणी दाखवावा लागला नाही. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा ती नुसती मान हलवत होती. लिफ्टवाले मात्र घरी येऊन मला समजावून सांगत होते:

"सोपं आहे, वहिनीसाहेब. लिफ्टच्या शाफ्टला आतून गिलावा चढत चाललाय. गाडी घासतेय. मोटर बिचारी ओढतेय."

"मग मोटरला आराम द्या. बोलणं कमी करा."

"तेवढं सोडून काहीही सांगा."

जिना बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझं घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. निळीचा भाऊ, म्हणजे आमचे हे, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पुढची खोली रिकामीच होती. दोघं दोन पिशव्या घेऊन आली. दोनच पिशव्या, कारण थोड्या दिवसांचा प्रश्न होता ना!

सोय झाली. पण लिफ्टवाले माझ्या घरात राहिले ते स्टेशनवर बसल्यासारखे. बूट कायम पलंगाखाली टोकं दाराकडे करून ठेवलेले. रुमालही उघड्या पिशवीतच. कपाट रिकामं करून दिलं तर म्हणाले, "कशाला उगीच." माझी खिडकी बोटाने ढकलली की उघडते. ते दोन-चारदा उघडझाक करून बघत बसले आणि म्हणाले, "फारच चांगली आहे हो." असं म्हणाले की मलाच त्या खिडकीची लाज वाटली.

त्यांच्या बरोबरच्या मेकॅनिकांनी खुर्चीत बसवून वर न्यायची तयारी दाखवली. त्यांनी हात जोडले. "वर न्याल. पण दर आठवड्याला दवाखान्यात जायला खाली कोण आणणार? आणि मला कोणी उचलून नेलेलं मला आवडणार नाही. मी चढून जाणार." एवढंच. घरी जायचं, आणि आपल्या पायांनी जायचं. त्या माणसाला दुसरं काही नको होतं, आणि निळीला त्यांच्यासाठी दुसरं काही नको होतं.

दर रविवारी सकाळी निळी वर जाऊन घर उघडून यायची. कुंड्यांना पाणी, थोडा केर, थोडा वारा. लिफ्टवाले रिक्षाने तिच्याबरोबर जायचे आणि समोरच्या फुटपाथवर, हार्डवेअरच्या बंद दुकानासमोर, घडीच्या स्टुलावर बसायचे. एखाद्या रविवारी मीही जायचे. ती वर पोचून गॅलरीत आली की ते हात करायचे. ओरडण्याइतका दम राहिला नव्हता. पण लिफ्टवाल्यांचं काम मुळात खुणांवरच चालतं. एक जण शाफ्टमध्ये, एक जण मशीनपाशी, मध्ये घरघर. पंजा उताणा करून उचलला की वर घे. पालथा दाबला की खाली. मूठ वळून उंच धरली की गाडी जागेवर आली, थांबव. निळीलाही त्या खुणा पाठ झाल्या होत्या. खालून पंजा डावीकडे, की ती स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. एक ठोसा, तोही त्यांना खालून दिसायचा. मग गॅलरीचं दुसरं दार. मग खोलीची खिडकी. क्रम ठरलेला.

"तुम्ही गॅलरीतून खाली बघायचात, आता खालून वर बघताय," मी एकदा म्हटलं.

"तेवढाच फरक," ते म्हणाले. वरची नजर काही काढली नाही.

मग नवीन औषध सुरू झालं. त्याने त्यांना थोडं बरं वाटायला लागलं. माझ्या घरातून कोपऱ्यापर्यंत न थांबता जाऊन आले आणि असा चेहरा केला की जणू डोंगर चढून आले. निळीने प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारून त्यांचं रक्त आपल्या जेलमध्ये घालून बघायची परवानगी काढली. मॅडम भल्या, पण शिस्तीच्या. त्यांनी तिला बजावलं होतं: "बघ हवं तर. पण या रेघेवरून रोग कमी झाला की वाढला, ते ठरत नाही. त्याला दुसऱ्या तपासण्या आहेत. तुला मी सांगायला नको." निळी म्हणाली, "मला माहितीय."

माहिती होतीच तिला. पण त्याचा काय उपयोग?

औषधाआधी काढून ठेवलेल्या रक्ताची रेघ चांगली जाड आली होती. ती निळीने बघून ठेवली होती. एका शुक्रवारी ती कामावरून आली ती चपला न काढता पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, कारण निळी आणि चपलांसकट आत?

"गेली," ती म्हणाली.

"कोण गेली?" लिफ्टवाले उठून बसले.

"रेघ. तुमची रेघ गेली. सगळं निळं आहे. मी उलटसुलट करून बघितलं, उजेडावर धरून बघितलं. काही नाही. नुसतं निळं."

"म्हणजे?"

"म्हणजे खरवडणं थांबलंय."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून निळीला ओळखते. ती मोठ्याने हसत नाही. त्या दिवशी ती हसली आणि मग तोंडावर हात ठेवून रडली आणि पुन्हा हसली. लिफ्टवाले तिच्याकडे बघत होते. मग ते वाकले, धाप लागेल एवढं वाकले, आणि पलंगाखालून बूट ओढून काढले. रविवारी चढायचं ठरलं. घाईने नाही. प्रत्येक वळणावर स्टूल ठेवायचं, बसत बसत जायचं. दुपारपर्यंत पोचलो तरी हरकत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. "सोमवारी विचारू, वरून फोन करून," लिफ्टवाले म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते असं, की मी चहा टाकायला आत गेले.

शनिवारी निळीला सुट्टी असते. तरी ती गेली. ते जेल वाळवून आणायचं होतं, त्यांना दाखवायला. ओला पापुद्रा दोन पारदर्शक कागदांमध्ये ताणून वाळवला की कडक होतो, फोटोसारखा जपता येतो. परत आली ती नीट चपला काढून, पाय धुऊन, न बोलता स्वयंपाकघरात. मला वाटलं दमली असेल. संध्याकाळभर ती भांडी लावत होती. लावलेलीच भांडी पुन्हा लावत होती.

रविवारी सकाळी लिफ्टवाले इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांच्या नाड्या बांधून पुढच्या खोलीत तयार. आत निळी ओट्याला धरून उभी.

"वहिनी, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"कंट्रोलची रांग पण कोरीच आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "म्हणजे त्या निरोगी माणसाची?"

"सगळ्यांचीच. अख्खं जेल कोरं. कोणाचीच रेघ नाही. असं जिवंत माणसाचं येतच नाही, वहिनी. प्रत्येकात थोडं असतंच. मी चुकीच्या बाटलीतलं पाणी घातलं. कात्री बंद पाडायचं पाणी असतं आमच्याकडे, कॅल्शियम धरून ठेवणारं, ताडून बघायला. दोन्ही बाटल्या शेजारी असतात. वर चिठ्ठ्या माझ्याच हाताने लावलेल्या."

"आणि शुक्रवारी तुला दिसलं नाही?"

"मी त्यांचीच रांग बघितली. दुसरीकडे बघितलंच नाही."

मी तापट बाई आहे, पण रागवायचं ते मी नंतर रागवले. त्या वेळी एवढंच म्हटलं, "जा, सांग त्यांना."

"आज नको. ते तयार होऊन बसलेत. उद्या सांगते."

"उद्या? आज ते जिना चढणार आहेत, निळे. उद्या कोणाला सांगशील?"

ती गेली. मी दाराशी उभी राहिले. चोरून ऐकत नव्हते, उघड उभी होते. तिने जसं मला सांगितलं तसंच त्यांना सांगितलं, न चुकवता. ते नाड्यांकडे बघत ऐकत होते.

"तुझ्या हातून चूक?" शेवटी ते म्हणाले. "मीठ मोजून घालणारी बाई तू."

"मी तुमचीच रांग बघितली आधी."

"माझीच?"

"हो."

"दुसऱ्या कोणाची बघितलीच नाहीस?"

"नाही ना."

त्यांनी दम घेतला. मग म्हणाले, "एवढा संसार झाला, तेव्हा कुठे नजर माझ्यावर ठरली तुझी. बरं झालं चुकलीस."

"अहो, चेष्टा काय करताय!"

"मग काय करू? चल, खिडक्या उघडायच्या आहेत. रिक्षा बोलाव." आणि मग, हळू आवाजात, "तेवढे बूट सोड. खाली वाकलो की धाप लागते मला."

निळी जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या नाड्या सोडल्या. मी आत आले.

त्या रविवारी ती वर गेली, खिडक्या उघडल्या. लिफ्टवाले खाली स्टुलावर. हात मात्र त्यांनी फारसे केले नाहीत. निळी आपल्याच अंदाजाने एकेक उघडत गेली.

आठवड्यात तिने पुन्हा सगळं केलं. योग्य बाटली, योग्य पाणी, आधी कंट्रोल. कंट्रोलची रेघ जागेवर, बारीक, जशी हवी तशी. आणि लिफ्टवाल्यांची आधीसारखीच जाड. औषधाने त्यांना बरं वाटत होतं ते खरंच होतं, पण रेघ होती तिथेच होती. ते जेल वाळवून ती घरी घेऊन आली. द्यावं की नाही, अशा विचारात ते हातात धरून उभी. त्यांनीच हात पुढे केला.

खेळायच्या पत्त्यापेक्षा थोडं मोठं, कडक, खोल निळं. त्यात एका रांगेत एक फिकट आडवी रेघ, आरपार उजेड दिसेल अशी. त्यांनी ते खिडकीकडे धरलं.

"हा मी?"

"हो."

"आणि हा शेजारचा बारीक?"

"तो निरोगी."

"मी जास्त उठून दिसतोय." पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "निळे, हे वर लावशील?"

"वर कुठे?"

"आपल्या घरी. गॅलरीच्या दाराच्या काचेवर. आतून चिकटव, पावसाने भिजेल नाहीतर."

"कशाला हो?"

"मी नाही जाऊ शकत ना. हा जाऊ दे."

निळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "लाव की. त्यात काय विचारतेस?" माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण दोघंही दचकली.

पुढच्या रविवारी मीही गेले. स्वच्छ ऊन होतं. निळी वर पोचली, स्वयंपाकघराच्या खिडकीला ठोसा दिला, मग गॅलरीच्या दाराशी आली. चिकटपट्टी दातांनी तोडताना दिसत होती. काचेच्या आतून तिने ते चिकटवलं आणि बाजूला झाली. खालून काय दिसणार? चौथ्या मजल्यावरच्या काचेत एक निळा ठिपका. रेघ दिसायचा प्रश्नच नव्हता. माझे तर डोळेही म्हातारे.

"दिसतेय का?" मी विचारलं.

"स्वच्छ," लिफ्टवाले म्हणाले.

ते स्टुलावरून उठले. मी आधार द्यायला गेले तर नको म्हणाले. उभे राहून, मान वर करून, त्यांनी उजवा हात जमेल तेवढा उंच नेला आणि मूठ वळली. जागेवर आली, थांबव.

वर निळी उभी होती. तिने ती खूण बघितली. खूण कळल्यावर मेकॅनिक ती परत करून दाखवतो, म्हणजे चूक होत नाही. निळीनेही गॅलरीतून मूठ वर धरली. रस्त्याने चाललेला एक माणूस दोघांकडे बघत गेला. त्याला वाटलं असेल, भांडण चाललंय.

त्यानंतर ते फार राहिले नाहीत. शेवटपर्यंत बोलत होते, मध्ये मध्ये दम घेत. माझ्या कपाटात त्यांनी एकही कपडा ठेवला नाही. दोन पिशव्या होत्या, दोन पिशव्या परत गेल्या.

निळी वर राहायला गेली. मी पुष्कळ सांगितलं की राहा इथेच, खोली आहे, एकटी काय करशील, तुझेही गुडघे काही सोन्याचे नाहीत. ती म्हणाली, "वर कोणीतरी असायला पाहिजे, वहिनी." ती आता निवृत्त झाली आहे. बोटं हळूहळू पांढरी झाली. पहिल्यांदा पूर्ण स्वच्छ झाली तेव्हा हात पुढे करून मला दाखवला तिने. म्हणाली, "बघ, दुसऱ्याच कोणाचा तरी हात वाटतो."

माझ्या गुडघ्यांनी आता चार मजले होत नाहीत. रविवारी मी दुकानासमोर उभी राहते. तेच घडीचं स्टूल नेते, पण त्यावर बसत नाही, मग उठवायला कोण येणार? निळी स्वयंपाकघराची खिडकी उघडते, मग दुसरं दार, मग खोलीची खिडकी. खालून कोणी सांगत नाही, क्रम मात्र तोच. काचेवरचा निळा उन्हाने उडत चाललाय, आता करड्यासारखा दिसतो. मी एकदा, काय मनात आलं कोण जाणे, मूठ वर केली. निळी माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिथेच उभी, उन्हात, भाजीची पिशवी हातात. पुन्हा काही मी तसं केलं नाही.

परवा ती कठड्यावरून वाकून ओरडली, "वहिनी, ये ना गं वर! चहा टाकते!"

"लिफ्ट बसव, मग येते!" मी खालून ओरडले.

"जागा मोजून ठेवलीय त्यांनी!" ती म्हणाली. "तू मावत नाहीस!"

मग तिने दोरीला बांधून थर्मास खाली सोडला, आणि मी फुटपाथवर उभी राहून चहा प्यायले. साखर मात्र कमी होती. मोजून घातलेली असणार.